ढालीवरचा चेहरा

आमच्या तेगेआ नगरात ढाली रंगवायच्या त्या थ्रासिअसनंच. मी त्याचा शेजारी, कातडं कमावणारा. ढालीचं कातडं माझं, वरचं चित्र त्याचं. माणूस एक नंबरचा खडूस. कोणी ढालीवर कोंबडा मागितला की खेकसायचा, "लढायला चाललायस की अंडी विकायला? अरे, भाला लागायच्या आधी समोरच्याचे पाय लटपटले पाहिजेत!"

आणि त्याच्या पोटी सेमोस! देवमाणूस पोरगं. बकरं कापलेलं बघवायचं नाही त्याला. त्या वर्षी शेजारच्या मांतिनेआ नगरवाल्यांशी जुंपली आणि त्याला बोलावणं आलं. थ्रासिअसचं धाबं दणाणलं. चार लोकांत मात्र उगाच हसायचा. सगळी कामं बाजूला सारून त्यानं पोराच्या ढालीवर गॉर्गन राक्षसीण काढली. केसांच्या जागी साप, लोंबती जीभ, आणि डोळे तर असे, की माझी बायको तिकडे पाठ करूनच जायची.

"आता तुझ्या वाटेला कोण जातंय ते बघतोच," तो पोराला म्हणाला.

"बा, मलाच भीती वाटते रे तिची."

"मग झालं तर! तू तिच्या मागं असणार, येड्या."

लढाईत मी सेमोसच्या मागच्या रांगेत होतो. रणगीत सुरू झालं तरी पोराचे दात वाजत होते. मग आमची रांग फुटली, आम्ही मागं रेटलो गेलो आणि तो दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी आपापली प्रेतं उचलायला लढाई थांबली. थ्रासिअसला घेऊन मी गेलो. मांतिनेआवाल्यांनी सेमोसला धुऊन, ढालीसकट मानानं वेगळं ठेवलं होतं. त्यांच्यातला एक पिकल्या दाढीचा माणूस पुढं आला.

"तुमचा मोठा वीर असणार हा. ढाल बघूनच आमची तंतरली हो! म्हटलं, हा उभा राहिला तर आपलं काही खरं नाही. म्हणून बाकीच्यांना सोडून आम्ही चौघं आधी याच्यावरच तुटून पडलो."

"त्यानं... कोणाला मारलं?" थ्रासिअसनं विचारलं.

"छे! भालाही उचलला नाही. नुसता उभा. आम्हाला वाटलं, काहीतरी डाव असणार."

थ्रासिअस पोराशेजारी खाली बसला. अजून आठवलं की काळीज तुटतं माझं.

त्या माणसाला बिचाऱ्याला काय कळणार? तो ढाल न्याहाळत म्हणाला, "कोणी काढलंय हो हे? माझा धाकटा पुढच्या वर्षी रांगेत उभा राहणार. त्यालाही असंच हवं."

थ्रासिअसनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला.

"कोरी दे," तो म्हणाला. "बाबा रे, पोराला कोरीच ढाल दे."