वीस मिनिटं उकळलेलं पाणी

इलिनॉयमधलं आमचं गाव फ्रेंच लोकांनी वसवलेलं. थडग्यांवरची नावं फ्रेंच, बाकी चहूकडे मका. ऐंशीच्या दशकात नवऱ्याला जवळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही तिथे गेलो. गावाचा कारभार एका खोलीतून चाले. मेयर शेतकरी, बोर्डावर त्याचेच दोन चुलतभाऊ आणि कागदपत्रं सांभाळायला एक म्हातारी क्लार्क. यापेक्षा आपली ग्रामपंचायत बरी, असं मी म्हणायची. निदान तिथे भांडणं तरी होतात.

मुलगी दोन महिन्यांची असताना त्या खोलीच्या दारावर एक कागद दिसला. शेतातलं खत गावाच्या विहिरीत उतरलंय, लहान बाळांना नळाचं पाणी देऊ नका. क्लार्कबाई बाहेर आल्या. "तुमच्याकडे बाळ आहे ना?"

"आम्ही पाणी वीस मिनिटं उकळतो," मी म्हणाले. मला रागच आला. नळाला तोंड लावून पिणारी माणसं मला पाणी प्यायला शिकवणार! त्या आणखी काही बोलणार होत्या, पण आतून मेयरने हाक मारली.

"स्टोअरमधून बाटल्या पिक अप करू का?" नवऱ्याने घरी विचारलं.

"पाणी कोणी विकत घेतं का?"

त्या दिवसापासून मी ते अर्धा तास उकळायला लागले, पातेलं निम्मं होईपर्यंत. त्यातच दुधाची पावडर कालवायची.

आठवड्याभरात मुलीचे ओठ राखाडी दिसू लागले. बाहेर चांगलं ऊन होतं, तरी मी तिला टोपडं घातलं. तिचं रडणं कमी झालं. "किती शहाणं बाळ!" शेजारीण म्हणाली, आणि मला बरं वाटलं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. मग एका दुपारी तिची नखं निळी दिसली आणि आम्ही शहरातलं हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरांनी आधी पाण्याचं विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, उकळलेलं.

"उकळून खत जात नाही. पाणी उडून जातं, खत मागे राहतं."

इंजेक्शनाने मुलगी वाचली. गावाच्या पुढच्या सभेत तिला कडेवर घेऊन मी सगळं सांगितलं. "आता बरी आहे ना?" मेयरने विचारलं आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला. त्याला फाडून खायला मी तोंड उघडलं, आणि मुलीला सावरत खाली बसले. त्याने निदान कागद तरी लावला होता. तो वाचूनही ते पाणी आटवून तिला पाजलं होतं मी.