बंबात गेलेले सात शेवट

जपानी प्रेमाचे खेळ म्हणजे नागड्या बाया, असं मी त्या काळात माजलगावातल्या अर्ध्या बायकांना सांगून बसले होते. एकही खेळ न पाहता. जपान कुठं आहे असं कुणी विचारलं असतं, तर मी "अमेरिकेच्या पलीकडं" म्हणाले असते, आणि तेही ठसक्यात.

आता लेकीची लेक मोबाइलवर असले खेळ खेळते आणि मी चष्मा लावून शेजारी बसते, म्हणून कळतं. एका खेळात पोरगं शाळेतल्या पोरींशी बोलत, त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवत तीन वर्षं काढतं. दुसऱ्यात उलटं. मधे पोरगी, भोवती पाच-सहा पोरं, आणि निवड तिची. एकात लग्न असलं तर शेवटी असतं. आधी दहा वर्षांची लेक सांभाळायची, तिला काय शिकवायचं, कधी विश्रांती द्यायची ते आपण ठरवायचं, आणि मोठी होऊन ती जे होईल ते निमूट बघायचं. काहींत नुसतं वाचायचं, तासन्‌तास, आणि शेवटी कुणीतरी मरतं. घाणेरडेही असतात, नाही असं नाही. पण सगळ्या आंब्यांत अळी असते म्हणणारीनं निदान एक आंबा तरी कापून बघावा. मी थेट आमराईच पेटवली.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. गावात कुणाचं लग्न जमत नसलं की लोक माझ्याकडं यायचे, त्यामुळं डोकं कायम हवेत. माझी एक पद्धत होती. पाहुणे मुलगी बघायला यायच्या आधी मी त्यांची सगळी माहिती काढायची. सासूचे उपास कुठले, सासरा कशानं चिडतो, मुलाला बायको बोलकी हवी की मुकी. मग वहीच्या पानावर मुलीला उत्तरं लिहून द्यायची. छंद अमुक, नोकरीचं विचारलं तर तमुक, आणि स्वयंपाकात पुरणपोळी. पुरणपोळी न येणाऱ्या किती पोरी मी पुरणपोळीवर खपवल्या, ते देवाला ठाऊक आणि त्यांच्या सासवांना.

माझी स्वतःची लेक बावीस वर्षांची. औरंगाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली. बाहेरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडून ती गावातल्या पोरांचा क्लास घ्यायची. क्लास सुटला की एकटीच पडद्यासमोर बसून वहीत काहीबाही लिहायची. पुण्यातल्या मैत्रिणीनं तिला जपानी खेळांच्या सीड्या पाठवल्या होत्या. अक्षरं जपानी, पण कुणा हौशी माणसानं त्यांचं इंग्रजी करून ठेवलेलं. त्या छापील कागदांची चळत तिच्या मांडीवर असायची. एकदा मी दाराच्या फटीतून बघितलं. पडद्यावर बशीएवढ्या डोळ्यांची एक पोरगी पोहायच्या कपड्यात उभी. दुसरं काही मला दिसलं नाही. दिसायला मी तिथं थांबले कुठं?

लहान जावेला सांगितलं. ती म्हणाली, "अक्का, माझा भाऊ सांगत होता, जपानी खेळ लई घाण असत्यात. पोरं बिघडत्यात म्हनं."

"आन्‌ पोरी?"

"पोरी तर वाटोळ्यालाच लागल्या म्हना की!"

तिच्या भावानं तरी कुठं पाहिले होते? पण आम्हा दोघींना साक्षीदार पुरला.

त्याच आठवड्यात बीडचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर, घर सुखवस्तू. रविवारी बघायला येणार होते. आणि लेक म्हणाली, "आई, सोमवारी मला पुण्याला जायचंय. एक कंपनी मराठी गोष्टींच्या सीड्या काढतेय. मी केलेलं काम घेऊन बोलावलंय. आवडलं तर नोकरी."

"कसलं काम?"

"खेळ केलाय एक. मराठीत. त्या जपानी खेळांसारखा."

माझ्या डोळ्यांपुढं पोहायचे कपडे. म्हणजे ही नुसती बघत नव्हती, तयार करत होती! बीडच्या पाहुण्यांना कळलं तर? सगळ्या गावाची लग्नं जमवणारीची लेक असली निघाली म्हटल्यावर मला उद्या हळदीकुंकवाला कोण बोलावणार? मला काळजी लेकीची नव्हती, माझ्या मानाची होती, हे आज सरळ लिहिते. तेव्हा त्याला मी 'संस्कार' म्हणायचे.

शनिवारी सकाळी ती केस धुवायला गेली तेव्हा मी तिच्या टेबलाचा खण उघडला. त्यात आठ फ्लॉप्या होत्या, काळ्या, चौकोनी, तळहाताएवढ्या. सीड्याही घेतल्या, वहीही घेतली. न्हाणीबाहेर बंब पेटलेला होता. चिपाडांबरोबर एकेक करून सगळं आत सारलं. असा वास सुटला की शेजारीण भिंतीवरून ओरडली, "कावून ओ वहिनी, चप्पल जाळता का काय?"

त्याच बंबाच्या पाण्यानं मी अंघोळ केली. अंगाला दिवसभर जळक्या टायरचा वास. पवित्र झाले म्हणायची.

लेक केस पुसत आली. खण बघितला. मग बंबाजवळ गेली.

"आई, काय टाकलंस यात?"

"घाण."

"कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला होता म्हणून मी आतलं सगळं पुसलंय. सगळं त्या फ्लॉप्यांवरच होतं. सहा महिन्यांचं काम होतं आई."

"नागड्या बायांचं काम कशाला पायजे तुला?"

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, तेवढी दिलदार होते मी! ती पायरीवर बसली आणि शाळेतल्या पोराला गणित समजावतात तसं सांगू लागली. "खेळात एक पोरगी होती, अशाच गावातली. तिला बघायला पाहुणे येतात. ते विचारतात, आणि तिनं काय उत्तर द्यायचं ते खेळणारा ठरवतो. जसं उत्तर, तसा शेवट. सात शेवट होते. चारांत लग्न होतं. एकात नवरामुलगा खोटारडा निघतो. एकात ती पाहुण्यांच्या पुढ्यातून उठून जाते."

"आन्‌ सातवा?" मला मेलीला उत्सुकता.

"सातव्यात आई तिला विचारते, तुला काय पाहिजे. तो अर्धाच होता. त्यापुढं आई काय बोलेल ते मला सुचत नव्हतं."

यावर मी काय म्हणाले असेन? "रविवारी हिरवी साडी नेस," असं म्हणाले. आणि उत्तरांचं पान तिच्या हातात दिलं. तळाशी एक ओळ मुद्दाम वाढवली होती: कॉम्प्युटरवरच्या खेळांचं कुणी विचारलं, तर नावड दाखवायची.

रविवारी पाहुणे आले. लेक पानाबरहुकूम बोलली. पोहे झाले, सासूबाई खूश. मग आमच्या ह्यांनी म्हटलं, "पोरांना पाच मिनिटं बोलू द्या." दोघं बाहेरच्या खोलीत गेली आणि मी दाराच्या पडद्याआड. हे कामही माझ्या पद्धतीतच बसायचं.

मुलानं कापड घातलेला कॉम्प्युटर बघितला. "तुमचा का हा? खेळता का कधी?"

लेक कापडाची कड सारखी करत राहिली.

"हसू नका, पण मला जपानी खेळ लई आवडतात. मारामारीचे न्हाई, गोष्टीचे. माणसांशी बोलायचं, त्यांना ओळखायचं. मित्र चिडवतात, घाणेरडे म्हणतात. त्यातला एक खेळून मी रडलोय, खरंच. असा मराठीत कुणी केला पायजे, असं वाटतं मला."

आत जाऊन ओरडावं वाटलं, बोल गं बाई, तू केलायस म्हणून सांग! पण पडद्यामागची बाई ओरडणार कशी?

लेकीनं मान वर केली. मुलाकडं नाही, सरळ माझ्या पडद्याकडं बघितलं, आणि पान वाचल्यासारखं स्वच्छ म्हणाली, "मला असले खेळ आवडत नाहीत. संस्कारी मुलींचं काम नाही ते."

मुलगा "बरं" म्हणाला. उरलेली मिनिटं दोघं भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसली.

सोमवारी ती पुण्याला गेली नाही. एसटीडी बूथवरून त्या कंपनीला फोन केला. मी सोबत होते, पहारा म्हणून. पलीकडून बहुतेक म्हणाले, जे असेल ते घेऊन या. ती म्हणाली, "काहीच नाहीये," आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात ती जागा भरल्याचं मैत्रिणीचं पत्र आलं.

बीडवाल्यांकडून बुधवारी मुलाचे मामा आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पोरगी गुणाची हाय ताई. पन आमचं पोरगं म्हनतं, तिला कशाचीच आवड न्हाई. जन्म कसा काढायचा?"

दारात उभी राहून लेक ऐकत होती. ती हसली. मोठ्यानं, मामांसमोर. मी डोळे वटारले तर आणखी हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळ निवडत होते. ती वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली.

"परळीचं स्थळ येतंय ना?"

"व्हय."

"त्यांना काय आवडतं ते काढलंस का?"

"काढलंय की."

"मग लिहून दे. नीट दे या वेळी. पाठ करते."

मला वाटलं, पोरगी ताळ्यावर आली. तुला काय पायजे, हे न विचारताच सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि पाठपोट दोन पानं लिहून दिली. परळीच्या पाहुण्यांसमोर तिनं त्यातलं एकही उत्तर चुकवलं नाही.