मागची बाजू कोरी

मद्रास मेल सोलापूरला काही मिनिटेच थांबली. तेवढ्यात अव्वाने, माझ्या आईने, खिडकीतून एक पुडी आत सरकवली. वाळवलेल्या डाळिंबाच्या साली.

"पोट बिघडलं तर उकळून पी रं. लई गुण येतोय."

मला सोडायला आलेल्या मित्रांनो, तुम्ही फलाटावर पोट धरून हसलात, कारण पुडीचा कागद म्हणजे माझेच पत्रक होते. "श्रीमंतांना डॉक्टर, गरिबांना काढा? चालणार नाही!" आमच्या गिरणीच्या चाळीत दवाखाना हवा म्हणून मी लिहिलेले, वडिलांनी छापलेले.

"अव्वा, निदान कागद तरी बघायचा!"

"बघितला की. मागची बाजू कोरी हाय. सालीला शाई लागत न्हाय."

तिला वाचता येत नव्हते. मी पुडी परत तिच्या हातात कोंबली. गाडी हलली तरी तिने हात हलवला नाही.

आमचे घरच पत्रकांचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही भावंडे झोपलो, मागच्या कोऱ्या बाजूवर गणिते केली. आणीबाणीत वडिलांचा छापखाना बंद पडला, म्हणून मी मलेशियातल्या पिनांगच्या एका गिरणीत फिटरचे कंत्राट घेतले.

सोलापुरात दुपारभरात वाळणारा सदरा इथे तीन दिवस दमट राहतो. मराठी बोलायला कोणी नाही. रविवारी मी बाजारात जाऊन एकेक अनोळखी फळ घ्यायचो. केसाळ रांबुतान, जांभळ्या सालीचे मांगिस, आणि काटेरी दुरियन, ज्याचा वास गल्लीच्या टोकापासून येतो. भूक नसली तरी घ्यायचो. कसे लागले, एवढे तरी फळवाली विचारायची.

एका रविवारी अख्खे दुरियन एकट्याने खाल्ले. त्याने की विहिरीच्या पाण्याने, कोण जाणे, पण आव सुरू झाली. गिरणीच्या दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने माझे ओळखपत्र बघितले. "कंत्राटी? हा तुमच्यासाठी नाही." मी भांडलो, इंग्रजीत, हिंदीत, शेवटी मराठीत. मग तिथेच पायरीवर बसलो.

घरमालकीण मकचिक ही म्हातारी मलायी बाई. तिच्या चुलीवर दोऱ्यात ओवलेल्या मांगिसच्या साली वाळत असायच्या. तिने त्या उकळल्या आणि पेला तोंडाशी धरला. मी मान फिरवली. "आई आहे ना तुला?" ती रागावली. "मग पी!"

जीभ आखडली. लहानपणीच्या अव्वाच्या काढ्याचाच तो तुरटपणा. मी रडलो, आणि तिला वाटले काढा फार कडक झाला.

चार दिवसांनी उतार पडला. काढ्याने की पेजेने की आपोआप, मी छातीठोक सांगणार नाही. दवाखाना हवाच, हे मी आजही म्हणतो. पण चाळीत दवाखाना नव्हता तेव्हा आम्हा पोरांजवळ रात्रंदिवस कोण बसले होते, हे त्या पत्रकात लिहायचे राहिले होते.

मी घरी पत्र धाडून साली मागवल्या. पुडी आली, त्याच पत्रकात बांधलेली. सोबत वडिलांची एकच ओळ: "अव्वा विचारते, तिकडं दवाखाना न्हाय व्हय?"

साली मकचिकने आपल्या दोऱ्यात ओवल्या. पत्रक मी उलटे केले. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर कंत्राटी कामगारांसाठी दवाखान्याची मागणी लिहिली आणि गिरणीच्या फाटकावर उभा राहिलो. सह्या मलायी, चिनी, तमिळ अशा लिपींत होत आहेत. पहिली माझी, मराठीत.

इथे माझे घर कुठे, असे कोणी विचारले की मला अव्वाचा तो दवाखान्याचा प्रश्न आठवतो. अव्वाला अजून उत्तर धाडलेले नाही. धाडीन तेव्हा तिच्याच बोलीत लिहीन: न्हाय, अव्वा. अजून न्हाय.