किशनमामांच्या हातातली चावी

गाडी गॅरेजात आली की किशनमामा आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. "हळूच चालवा, सर. अन् आता ब्रेक दाबा," म्हणायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. मूळचे ते उदगीरकडचे. चाळीस वर्षं हैदराबादेत काढल्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी मुरलेली होती. मी दिलसुखनगरला एका क्लासमध्ये गणित शिकवतो, म्हणून मी 'सर'.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला दोन ब्रेक पॅड दाखवले. नवा बोटाएवढा जाड, जुना बिस्किटापेक्षाही पातळ. "शिट्टीसारखा बारीक आवाज आला की समजायचं, पॅड झिजलाय, आठवडाभरात बदला. खरखर आली तर पॅड संपला, आता लोखंड लोखंडाला खातंय. मग गाडी हलवायची बी नाही. हौ ना?" ब्रेक लागतोय की, असं कुणी म्हटलं तर ते चिडायचे. "लागतो, पण थांबवतो का? कायकू जिवाशी खेळता?"

माझ्या गाडीची शिट्टी पंधरा दिवस वाजत होती. मी उद्या-उद्या करत राहिलो. त्या रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा होता. आईला घेऊन निघालो, हवा भरायला मामांकडे थांबलो. गल्लीत वळतानाच खरखर झाली. मामा धावत आले आणि त्यांनी गाडीची चावीच काढून घेतली.

"सर, गाडी इथंच ठेवा. आज दुकानं बंद, पॅड उद्या मिळतील. माँजींना रिक्षानं न्या."

"मामा, नल्लकुंट्यापर्यंतच जायचंय. हळू चालवतो."

"नको म्हणतो ना मी!"

आई गाडीतून हाका मारत होती. मुहूर्त टळत होता. मी आवाज चढवला, "गाडी माझी आहे, मामा."  मग मामांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

नल्लकुंट्याच्या उतारावर यादगिरी नावाचे एक म्हातारे गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होते. मी ब्रेक दाबला. गाडी घासत, डावीकडे ओढली जात पुढेच गेली आणि त्यांना धडकली. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात वारले.

माझे वकील म्हणाले, "गाडीत दोष आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, असंच सांगा. मेकॅनिकनं काही सांगितलं नाही म्हणा." मी मामांकडे गेलो, वकिलांचं म्हणणं तेवढं सांगितलं. मामाच म्हणाले, "तसंच लिवून द्या, सर. नायतर तुमची नोकरी जाईल. अन् चावी माझ्या हातात होती, मी दिली. झूट कुठं आहे?"

झूट होतंच. मी तसाच जबाब दिला. मामांना ठाण्यावर बोलावलं, तेव्हा तेही तेच बोलले, "मैं बोलना था साब, नहीं बोला." मी बाकावर बसून ऐकत होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. 

मी थोडक्यात सुटलो. मामांच्या गॅरेजात गाड्या येईनाशा झाल्या. ज्यानं नुसत्या आवाजावरून अर्ध्या मलकपेठेच्या गाड्यांचे दोष सांगितले, त्यानं झिजलेल्या ब्रेकबद्दल सांगितलं नाही, हे लोकांनी सहज खरं मानलं. वर्षभरात त्यांनी शटर ओढलं. मला रस्त्यात भेटले की आईची तब्येत विचारायचे, बाकी काही नाही.

मामांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो. श्वास पुरत नव्हता. "यादगिरीच्या घरी गेलता का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. "मी जातो महिन्याला. बाई एकटी आहे. जाऊन या, सर." त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांची माती झाल्यावर आठवड्यानं मी नल्लकुंट्याला गेलो. यादगिरींच्या बायकोनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मी सगळं सांगितलं: मामांनी बजावलं होतं, चावी मी भांडून घेतली, जबाब खोटा होता. 

"किशनभाई बोलते थे, सर एक दिन आके खुद बोलेंगे करके," ती म्हणाली. "उनके जीते जी आना था."

आणि तिनं दार लावून घेतलं.