हळू म्हणजे कसं?

कारखान्यात त्यांना सगळे भोंगा म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. पत्रे कापणाऱ्या आणि ठोकणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात उभा जन्म गेलेला. तिथे शेजारच्याकडे हातोडी मागायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. भोंगा ओरडले की शेडच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही हातोडी घेऊन हजर होई. अशा माणसाला कारखान्यात मान असतो. घरात नसतो.

निवृत्त होऊन ते घरी बसले आणि पंचाईत झाली. मुलगी सकाळी कामावर जाताना आपल्या तीन वर्षांच्या पोरीला आजीकडे सोडून जाई. इतके दिवस ते छान चाललं होतं, कारण आजोबा घरी नसत. आता ते लाडाने "ये गं पिटुकले!" म्हणत आणि पिटुकली दचकून टेबलाखाली जाऊन बसे. मग रडारड, मग उपाशी झोपणं. त्यांच्यासमोर तिने कधी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आजोबा म्हणून हाक मारणं तर लांबच राहिलं.

"अहो, जरा हळू बोला," बायको म्हणे.

भोंगा मनापासून हळू बोलत. म्हणजे एकेक अक्षर सुटं करून. "ये... गं... पि... टु... क... ले!" कारखान्यात हळू म्हणजे मशीनचा वेग कमी. आवाज कमी करायचं बटण तिथे कुठल्याच मशीनला नव्हतं. पोरगी आधी एकदा दचकायची, ती आता अक्षरागणिक दचकू लागली.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या महिन्यापासून तिला पाळणाघरात घालते."

"बरं," भोंगा म्हणाले. तेही जोरातच आलं. मग ते घरात नुसते खुणांनी बोलू लागले. त्यांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत नाटकाचा वर्ग चालतो, तिथल्या बाई आवाजाचं शिकवतात, ही बातमी बायकोने आणली. भोंगा आधी खो खो हसले. "मला आणखी आवाज? आहे तोच कोणाला झेपत नाही!" पण गेले.

वर्गातली बाकीची मंडळी आपलं बोलणं कोणाला ऐकू जात नाही म्हणून आलेली. बाईंनी विचारलं, "आणि तुमची अडचण काय, काका?"

"मी जास्त ऐकू जातो."

"ते कळलं," बाई कान चोळत म्हणाल्या.

त्यांनी एकच शब्द दिला. ये. पाहुण्याला म्हणा, मांजराला म्हणा, भांडायला आलेल्याला म्हणा. भोंगांचे तिन्ही 'ये' ऐकून पाहुणा आणि मांजर दोघंही पळाले असते आणि भांडायला आलेल्यानेही माफी मागितली असती. बाईंनी त्यांना पोटावर हात ठेवायला लावला. "तुम्ही शब्द गळ्याने ढकलताय. श्वास पोटातून येऊ द्या. आणि बोलायच्या आधी समोरचा कुठे बसलाय ते बघा. आवाज तिथवरच पाठवायचा. हळू म्हणजे सावकाश नव्हे, काका. हळू म्हणजे हळुवार."

समोरच्याकडे बघायचं, हे भोंगांना नवीनच होतं. ते न्हाणीघराचं दार लावून सराव करू लागले. पहिल्याच दिवशी बायको धावत आली. "काय झालं? कशाला बोलावताय?"

"तुला नाही. साबणाला बोलावतोय."

महिनाअखेरीला वर्गाचा छोटासा प्रयोग होता. बाईंनी त्यांना मुद्दामच चोराचं काम दिलं. वाक्य एकच, तेही कुजबुजत, पण शेवटच्या रांगेत पोचलं पाहिजे. मुलगी आईच्या आग्रहाने पोरीला घेऊन आली आणि दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसली. रडारड झालीच तर पटकन उठता यावं म्हणून.

रंगमंचावर अंधार झाला. खांद्यावर पोतं टाकून भोंगा आले. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, पोटात श्वास भरला आणि म्हणाले, "शूऽऽ... हळू. घरात बाळ झोपलंय."

सगळीकडे चिडीचूप. आणि मग शेवटच्या रांगेतून, भिंती हादरवणारा, घरात कोणी कधी न ऐकलेला आवाज आला.

"मी नाही झोपले, आजोबाऽऽ!"

हशाने सभागृह दणाणलं. मुलगी "अगं, हळू!" म्हणेपर्यंत पिटुकली खुर्चीवर उभी राहिलेली. चोराने खरं तर आता पळायचं होतं. चोराने पोतं खाली ठेवलं, रंगमंचाच्या कडेला बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "ये."

आणि ती धावत आली.

पाळणाघराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आजी मात्र आता दिवसभर "हळू!" म्हणून ओरडत असते, आणि ते नक्की कोणाला म्हणतेय हे दोघांपैकी एकालाही कळत नाही.