जिना झाडण्याचा आठवडा

तुमच्या घरासमोरचा जिना कोण झाडतं? ‘एक बाई येते’ हे उत्तर धरायचं नाही. त्या बाईचं नाव काय, ती कुठून येते, तहान लागली तर तिला कुणाच्या घरचं पाणी कुठल्या भांड्यातून मिळतं, ते सांगा. सांगता आलं तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझ्या आजीला पुण्यातल्या पेठेतल्या दोन-तीन इमारतींचे जिने होते. ‘होते’ असंच आमच्याकडे म्हणायचे, जणू ते तिच्या मालकीचे. वरच्या मजल्यापासून खाली झाडत यायचं आणि कठड्याला हात लावायचा नाही, हा नियम. पप्पा लहानपणी तिच्याबरोबर जात आणि खालच्या पायरीशी तिची वाट बघत उभे राहत. म्हातारपणी तिचे गुडघे गेले. दापोडीत आमच्या स्वतःच्या घराचा जिना उतरतानासुद्धा ती भिंतीपासून आणि कठड्यापासून सारखंच अंतर ठेवून मधोमध उतरायची. पप्पा ओरडायचे, “आई, धर की कठडा. आपलाच आहे.” ती ‘हो हो’ म्हणायची आणि हात पदरात गुंडाळून घ्यायची.

पप्पा वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मी बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. प्रेसमधून गठ्ठा यायचा, त्याला ओल्या शाईचा वास असायचा. पप्पा, आई आणि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो, आणि घडी घालता घालता मी मोठ्यानं वाचायचे. अडखळले की आई हसायची, पप्पा नाही. त्यांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक होतं ‘झाडू खाली ठेवा’. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: आपल्या उंबऱ्याबाहेरचा केर यापुढे आपण काढणार नाही. दुसऱ्या एका पत्रकात त्यांनी लिहिलं होतं की गावात कोंडी झाली तर शहर गाठा, आणि शहरात झाली तर समुद्र ओलांडा. त्यामुळे मला जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, गाड्यांच्या सॉफ्टवेअरची नोकरी लागली तेव्हा पप्पांनी ती बातमी आपलं पत्रक खरं ठरल्यासारखी वस्तीभर सांगितली. आई तोवर गेली होती. विमानतळावर ते रडले नाहीत. “जिथं आडनाव विचारत नाहीत तिथं चाललीस,” एवढंच म्हणाले.

आडनाव इथं विचारतात. सगळ्यात आधी तेच विचारतात. बेलवर आडनाव, टपालपेटीवर आडनाव, ऑफिसात हाकही आडनावानंच. पण ते ऐकून कुणाचा चेहरा बदलत नाही. पहिले काही महिने मी मुद्दाम, कुणी विचारलं नसतानाही, आडनाव सांगत फिरले. बेकरीत पाव घेतानासुद्धा. ती चैन होती, आणि पप्पांना सांगितली तेव्हा ते स्काइपवर इतके हसले की ठसका लागला. त्यांनी लगेच पासपोर्ट काढायला टाकला. माझं घर बघायला येणार होते. माझ्या दारावरचं आडनाव त्यांना स्वतःच्या बोटानं दाबायचं होतं.

मग माझ्या दारावर पाटी आली.

लहानशी लाकडी पाटी, वर दोरी, आणि त्यावर एकच शब्द, केरवोखं. म्हणजे झाडण्याचा आठवडा. त्या भागातली ही जुनी रीत आहे. ज्याच्या दाराला पाटी लटकते त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. घर घेताना करारात होतं, पण कराराची एवढी पानं कोण वाचतं? मी ती पाटी बघितली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. डोळ्यांसमोर आजी होती. इतक्या लांब येऊनही यांनी मला शोधून काढलं, असं वाटलं. यांनी म्हणजे कुणी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार वाजवलं. निवृत्त शिक्षिका, ताठ कण्याच्या, बोलणं तुटक. जिना राहिलाय म्हणाल्या. मी चिडून विचारलं, एरवी कोण करतं? त्यांना प्रश्नच कळला नाही. “आपण सगळे,” त्या म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात मी केला.” मग मला येत नसेल असं समजून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. वरून खाली झाडत यायचं. कोपऱ्यात ब्रश आडवा धरायचा. आणि शेवटी ओलं फडकं घेऊन कठडा पुसायचा, वरपासून खालपर्यंत, कारण सगळ्यांचे हात कठड्यालाच लागतात.

मी कठडा पुसला. फडकं कधी हातातून सुटलं कळलं नाही. तळहातानंच पुसत खाली आले.

त्याच संध्याकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. स्क्रीनवर त्यांचा चेहरा थांबला. नेट गेलं म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिले. नेट गेलं नव्हतं.

“एवढं शिकवलं ते परक्याचा जिना झाडायला?”

“परक्याचा नाही पप्पा, माझाच आहे.”

“तुझी आजीपण असंच म्हणायची. माझे जिने.”

ते येणार नाहीत असं त्यांनी त्यानंतर सांगितलं नाही, पण येण्याचा विषय बंद झाला. पासपोर्ट आला तेही मला मावसभावाकडून कळलं. फोन व्हायचे. जेवलीस का, थंडी आहे का, आणि बस. ज्या माणसानं मला वाक्य कसं तोडायचं, कुठं थांबायचं हे शिकवलं, तो माझ्याशी दोन शब्दांत बोलू लागला.

त्या हिवाळ्यात मला दापोडी फार आठवली. माझ्या आठवणीत नदी, झाडं असलं काही नव्हतं. शाईचे डाग पडलेली सतरंजी होती. रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाहेर कट्ट्यावर पप्पांभोवती जमणारी, त्यांच्याशी हटकून भांडणारी माणसं होती. भांडणाची आठवण येते असं म्हटलं की इथले सहकारी हसतात. पण मराठीत, आवाज चढवून, चहा पीत भांडायला माणूस नसणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. इथं मी ऑफिसात शहाण्यासारखं बोलायचे, दुकानात शहाण्यासारखं बोलायचे आणि घरी येऊन भिंतीशी वाद घालायचे.

वसंतात एका शनिवारी पप्पांचा फोन आला तेव्हा मी जिन्यावरच होते, किराणा घेऊन चढत होते. खालच्या बाई त्यांचा आठवडा करत होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात फडकं, एकेका पायरीवर थांबून. मी फोनचा कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

“ही कोण?”

“खाली राहतात. शाळेत शिकवायच्या.”

“पगार किती देता तिला?”

“पप्पा, त्यांचा आठवडा आहे. परवा त्या पाटी माझ्या दाराला लावतील.”

पप्पांनी चष्मा चढवला. मग म्हणाले, “कठडा पुसतीये ती.” मी म्हटलं, हो. “कठड्याला हात लावून पुसतीये.” मी पुन्हा हो म्हटलं. बाईंनी वर बघून हात हलवला. पप्पांनी नमस्कारासाठी हात जोडले, ते मला उशिरा दिसलं.

जर्मनी म्हणजे काही समतेचं नंदनवन नाही, हेही सांगायला हवं. आमच्या ऑफिसचे संडास आम्ही यायच्या आधी ज्या बायका धुऊन जातात त्यांची नावं मला माहीत नव्हती, आणि त्यांतली एकही जर्मन नव्हती. घर शोधताना फोनवरचा माझा उच्चार ऐकून ‘घर गेलं’ म्हणणारेही भेटले. पण जिन्याच्या बाबतीत, निदान आमच्या त्या एका जिन्याच्या बाबतीत, कुणाची सुटका नव्हती.

सुटका हवी होती ती आमच्याच माणसाला. दुसऱ्या मजल्यावर पुण्याचंच एक जोडपं राहायला आलं, लहान मुलीसह. ती बाई माझ्याहून मोठी, म्हणून मी वहिनी म्हणायचे. पहिल्याच दिवशी पुण्यात कुठं, असं विचारून झालं. त्या कोथरूडच्या. मी दापोडी म्हटलं. त्या “अच्छा, पिंपरीकडे” म्हणाल्या, आणि त्या एका ‘अच्छा’त आमच्या दोघींच्या मधून मुळा नदी वाहून गेली. तरी वहिनी प्रेमळ होत्या. मला ताप आला तेव्हा मऊ भात घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलीशी मी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि त्यावर आम्ही दोघी हसायचो.

त्यांच्या सासूबाई पुण्याहून आल्या त्या आठवड्यात पाटी नेमकी त्यांच्या दाराला होती. वहिनी वाटीत बेसनाचे लाडू घेऊन माझ्याकडे आल्या. पाटी दुसऱ्या हातात.

“ऐक ना. अहो आई आल्यात. आल्झो, म्हणजे बघ, त्यांच्यादेखत ह्यांनी झाडू हातात घ्यायचा म्हणजे त्यांना नाही सहन होणार गं. एवढा आमचा आठवडा तू करशील का? तुमच्याकडे त्याचं एवढं काही नसतं ना.”

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “आमच्याकडे त्याचं फार असतं. म्हणून तर नाही करणार.”

लाडू मी घेतले. पाटी त्यांच्या हातातून घेऊन वर गेले आणि त्यांच्याच दाराच्या खिळ्याला लावून आले. शनिवारी त्यांच्या नवऱ्यानं कानात हेडफोन घालून, कुणाकडे न बघता जिना झाडला. सासूबाई आत होत्या, दार बंद होतं. वहिनींनी पुढं बरेच दिवस मला जिन्यात फक्त मान हलवली.

पप्पांना सांगितलं तेव्हा कितीतरी महिन्यांनी ते तसे हसले, ठसका लागेपर्यंत. “फोटो पाठव,” म्हणाले. “कोथरूडच्या दारावरची पाटी.” मी पाठवला. मला वाटलं, विषय संपला, आता ते येतील.

पण पत्रकवाल्या माणसाचे विषय असे संपत नाहीत. दापोडीतली आमची जुनी घरं पाडून त्या जागी तोवर उंच इमारत उभी राहिली होती. राहणारे आम्हीच, आमचेच लोक. तिथला जिना झाडायला लांबच्या गावाहून आलेली एक बाई यायची. ती लेकीकडे राहायला गेली आणि कमिटी दुसरी शोधू लागली. पप्पा मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले की आपल्यापैकी कितीजणांना तिचं नाव माहीत होतं? ती दुपारी डबा खायची ती कुठल्या पायरीवर, कुणी बघितलं? मग ते म्हणाले, “मी लिहिलं होतं झाडू खाली ठेवा. आपण ठेवला, आणि दुसरीच्या हातात दिला. माझं पत्रक अर्धं होतं.”

त्यांनी स्वतः फळीचा तुकडा कापून पाटी केली. त्यावर ‘या घराचा आठवडा’ असं निळ्या रंगात लिहिलं आणि पहिली आपल्या दाराला लावली. जिना झाडला, कठडा पुसला आणि शनिवारी पाटी शेजारच्या दाराला लावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्यांच्याच दाराला होती. पुढच्या शनिवारीही तसंच. पोरं चेष्टा करतात, “फिटरसाहेब, पोरीनं जर्मनीवरनं झाडू पाठवला का?” मोठी माणसं चेष्टा करत नाहीत, ती रागावतात. ज्याच्यातून बाहेर पडायला आयुष्य घालवलं तेच पुन्हा करायचं का, म्हणतात. त्यांचा राग मला कळतो. माझ्या पहिल्या पाटीच्या दिवशी दार लावून मी तोच राग घेऊन बसले होते.

मागच्या महिन्यात मी पप्पांना तिकीट पाठवते म्हटलं. व्हिसाची कागदपत्रं तयार आहेत. खालच्या बाई दर शनिवारी विचारतात, वडील कधी येणार? ते आले की जिन्यानं कठडा धरून वर यावेत, माझ्या दारावरच्या आपल्या आडनावावर बोट दाबावं, आणि मी आतून मुद्दाम दार उघडायला वेळ लावावा, एवढंच माझ्या मनात किती वर्षं आहे.

“कसा येऊ?” ते म्हणाले. “पाटी माझ्या दारावर आहे. मी हललो की ती माळ्यावर जाईल.”

मी म्हटलं, पप्पा, तुम्ही सगळ्यांचेच आठवडे करताय.

“तुझा पण करतोय,” ते म्हणाले. “एक तुझ्या नावचा धरलाय. येशील तेव्हा फेड.”

मला सध्या येता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे. हे वाचणारं कुणी दापोडीतल्या त्या इमारतीत राहत असेल, तर निळ्या अक्षरांची पाटी कुठल्या दारावर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. या शनिवारी ती तिथून काढा आणि तुमच्या दाराला लावा. एक महिना फक्त, तेवढ्यात ते येऊन जातील. आणि तुम्ही दुसरीकडे राहत असाल, कोथरूडला, नाशिकला, कुठंही, तर फळीचा तुकडा तुमच्याही घरात असेल. तुमची पाटी तुम्हीच करा, पहिली आपल्याच दाराला लावा, वरून खाली झाडत या. कठडा पुसायला विसरू नका.