काचसामान नदीवर गेलं

माझ्या मामाला आमच्या घरात काचसामान म्हणतात. त्याला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या रक्तात जन्मापासूनच नाही. त्या घटकाचं, फॅक्टरचं, इंजेक्शन तो एक दिवसाआड स्वतःच शिरेत टोचून घेतो आणि दुकान उघडतो. दुकान फोटोफ्रेमचं. बेचाळीस वर्षांचा हा माणूस दिवसभर हिरकणीनं काच कापतो, खिळे ठोकतो, त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नाही. सुट्टीला कुठे निघतो म्हटलं, की मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

वीस वर्षं दुसऱ्यांचे डोंगर आणि दुसऱ्यांचे धबधबे चौकटीत बसवल्यावर मामानं जाहीर केलं, "मी राफ्टिंगला जाणार." रबरी होडीतून खळाळत्या नदीत! आईनं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी उलट पत्रच लिहून दिलं. सकाळी फॅक्टर घ्या, हेल्मेट घाला, जादा डोस जवळ ठेवा, जवळचं हॉस्पिटल हेरून ठेवा आणि खुशाल जा. पण डॉक्टरांचा अनुभव तो काय, तीस वर्षांचा. आमचे बाबा कचेरीत फायली सरकवतात, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच.

"मी येतो याच्यावर लक्ष ठेवायला," बाबा म्हणाले. मामानं त्यांचंही नाव नोंदवलं. या खेपेला काही बिनसलं असतं, तर पुन्हा कुठे जायचं नावसुद्धा काढता आलं नसतं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. गंमत बघायला मीही गेले.

नदीकाठी प्रत्येकाला एक फॉर्म भरायचा होता. 'काही आजार किंवा त्रास?' या रकान्यात मामानं सगळं सविस्तर लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं. गाइडनं ते दोनदा वाचलं, फोन करून डॉक्टरांना विचारलं आणि गुडघ्यांना बांधायला पॅड आणून दिले. "सांध्यात आतून रक्त उतरलं, तर खरा त्रास," मामानं त्याला समजावलं. बाबांनी आपल्या फॉर्मवर झोकात लिहिलं, 'काही नाही'. रक्ताचा थेंब दिसला की बाबा आडवे होतात, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे.

होडीत सगळ्यांनी वल्हं धरलं, बाबांनी मामाचा दंड धरला. "दाजी, वल्हं धरा," मामा तीनदा म्हणाला.

"तू गप्प बस, मी आहे ना!" बाबा ओरडले, आणि पहिल्याच उसळीला ते होडीत नव्हते.

मामानं त्यांना जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर ओढलं. बाबांची हनुवटी दगडावर आपटून फाटली होती. हातावर रक्त बघितलं आणि ते माझ्या मांडीवर कोसळले. मामानं जखमेवर पट्टी दाबून धरली, किती वेळ दाबायची त्यासाठी घड्याळ लावलं, कोणतं हॉस्पिटल ते गाइडला सांगितलं. आयुष्यभर मीही त्याला काचसामान म्हणत आले, त्याची मला तेव्हा मनापासून लाज वाटली.

घरी आल्यावर चोर सोडून संन्याशाला फाशी. जो तो बाबांची हनुवटी पाहून मामाला झापून गेला. "तरी सांगत होतो, नदीवर जाऊ नकोस!" मामाच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती.

दोन महिन्यांनी मामा आमच्याकडे बसून नवा फॉर्म भरत होता. आईनं बघितलं आणि ती भडकली. "पुन्हा? अरे, यांना पाच टाके पडलेत!"

"म्हणून तर ताई," मामा मान वर न करता म्हणाला, "या वेळी दाजींना घरी ठेवतोय. नाजूक आहेत ते."